जंगलातल्या झाडाच्या फांद्या कोणी छाटत नाही, तरी ते टिकतं. शहरातलं छाटूनही पोकळ का होतं?

तुम्ही विचारलंय की जंगलात ना माळी ना करवत, तरी झाडं वर्षानुवर्षं उभी असतात, आणि शहरात नियमित छाटलेली झाडं पडली की आतून पोकळ निघतात. एक तर जंगलातलीही पुष्कळ पडतात; आपल्याला दिसतात ती उरलेली. तरीही फरक आहेच.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. इजा झालेलं लाकूड पुन्हा नीट होत नाही, झाड त्याला फक्त कोंडून टाकतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून पाहिली आणि १९७७ साली हे चार भिंतींच्या रूपात मांडलं. वर-खाली जाणाऱ्या नलिका बुजवणारी पहिली भिंत सगळ्यात कच्ची, म्हणून कूज खोडात उभी पसरते. जखमेनंतर बाहेरून जे नवं लाकूड चढतं, त्याच्या सीमेवरची चौथी भिंत सगळ्यात पक्की. म्हणून बऱ्याचदा ढोली तेवढ्याच घेराची राहते, जेवढं खोड जखमेच्या दिवशी होतं, आणि बाहेरून झाड हिरवंगार दिसतं.

जंगलात दाटीमुळे खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही. त्या बारीक असतानाच हळूहळू वाळतात. तोवर फांदीच्या बुडाशी झाड राळ किंवा फिनॉलसारखी द्रव्यं भरून कुंपण घालतं. बुरशी फांदी कुंपणापर्यंत खाते आणि फांदी तिथूनच गळते. शहरात चहूबाजूंनी ऊन, म्हणून खालच्या फांद्या जगतात, मांडीएवढ्या जाड होतात, आणि मग तारा किंवा रस्ता आडवा आला की जिवंतपणी एका दिवसात कापल्या जातात. कुंपण घालायला वेळच नाही. शिवाय जाड फांदीत गाभा उघडा पडतो. गाभ्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे तो बचावासाठी काही करू शकत नाही. साधारण ५ सेंमीपर्यंतचा घाव लवकर झाकला जातो. १० सेंमीच्या पुढे धोका वाढतो. म्हणून नको असलेली फांदी झाड लहान असतानाच काढावी.

कापायचं कुठे, इथेच बहुतेक चुकतात. फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी फुगीर कडं असतं आणि वरच्या बेचक्यात सालीची खरखरीत वळ. कापायचं वळीच्या बाहेरून, कड्याला लागून, पण कडं न दुखवता. खोडाला सपाट घासून कापलं तर कुंपणाची जागाच जाते. लांब खुंट ठेवला तर तो मरतो आणि कुजतो. जाड फांदीला तीन काप: खोडापासून ३० सेंमीवर खालून पाव जाडीपर्यंत, त्याच्या थोडं बाहेर वरून आरपार, आणि शेवटी उरलेला खुंट कड्याशी. पहिला काप टाळला तर फांदी पडताना खोडाची साल सोलत खाली नेते. वाळलेल्या फांदीभोवती जिवंत कडं पुढे आलं असेल, तर त्याच्याही बाहेरून कापा.

डांबर, रंग लावू नका. त्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते. एका वर्षात हिरव्या पसाऱ्याच्या पाव भागाहून जास्त काढू नका. शेंडा मारणं तर मी छाटणी मानतच नाही. सुप्त डोळ्यांतून कोंबांचा झुपका फुटतो, पण ते वरवरच चिकटलेले असतात. जाड झाले की वाऱ्यात मोडतात. उंची कमीच करायची असेल तर फांदी तिच्या एक तृतीयांश तरी जाडीच्या उपफांदीपर्यंत मागे घ्या.

काप बरोबर होता का, हे साधारण वर्षभराने कळतं. घावाभोवती नव्या लाकडाची वळी सगळीकडून गोल चढलेली असेल तर बरोबर. फक्त डाव्या-उजव्या कडेला चढून वर-खाली उघडी राहिली असेल, तर कडं कापलं गेलंय.