साडेतीन तास मागं

'माई, मी नर्स आहे आणि नवरा पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. दोन वर्षं झाली, आम्ही दोघं दक्षिण सुदानमध्ये रेंकला आहोत, सुदानच्या सीमेला लागून. पलीकडं लढाई, इकडं रोज ट्रक भरून येणारी माणसं. दर आठ आठवड्यांनी पाच दिवसांची सक्तीची विश्रांती मिळते, पण दोघांच्या तारखा कधी जुळल्या नाहीत. यंदा पहिल्यांदा २८ दिवस एकत्र मिळाले आणि आम्ही औसा तालुक्यात सासरी आलो. वर्षभर मी या सुट्टीकडं डोळे लावून दिवस काढले. गोव्याचं चार दिवसांचं बुकिंग केलं होतं. तो म्हणाला, गव्हाला पाणी द्यायचंय, रद्द कर. रात्रीची लाईट आहे म्हणून रात्रभर रानात असतो, पहाटे येतो आणि दुपारपर्यंत झोपतो. बोलणं म्हणजे हं आणि हूं. तिथं संध्याकाळी सातनंतर आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, तेव्हा एका खोलीत बसून आम्ही यापेक्षा जास्त बोलायचो. सासूबाई चांगल्या आहेत. लातूरला नणंदेनं जेवायला बोलावलं होतं, तिथंही मी एकटीच गेले (माझं घड्याळ अजून तिकडच्याच वेळेवर असल्यामुळं जरा उशीर झाला, त्यावरून तिनं तोंड वाकडं केलं, ते असो). रात्री झोप येत नाही, मग वॉर्डाचे मेसेज बघत पडते. माझ्या जागी आलेली मुलगी नवी आहे, तिला विचारावं लागतं. १२ दिवस गेले, १६ राहिले. तो तुमचं सदर वाचतो. त्याला दोन शब्द सांगा, सुट्टी बायकोसोबत घालवायची असते.'
– रानात हरवलेल्या माणसाची बायको, जि. लातूर

पोरी, त्याला मी एक शब्दही सांगणार नाही.

तुझ्या पत्रात गोवा आहे, गहू आहे, सासू आहे, नणंद आहे. मी अडकले ती कंसातल्या घड्याळापाशी. दक्षिण सुदानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. म्हणजे तुझ्या मनगटावर एक वाजला, तेव्हा लातुरात साडेचार झाले होते. याला तू 'जरा उशीर' म्हणतेस? त्या बाईनं भाकरीची दुरडी झाकून ठेवली असेल, आमटी दोनदा गरम केली असेल, लेकरांना आधी वाढून मोकळं केलं असेल, आणि स्वतः उपाशी आत-बाहेर करत राहिली असेल. तोंड वाकडं केलं एवढ्यावर सुटलीस. मी असते तर चहा पाजून परत पाठवलं असतं.

आणि मला सांग, हातात मोबाइल असतोच ना? मुंबईला उतरून चालू केल्याबरोबर त्यानं आपणहून वेळ बदलली. विमानतळावर घड्याळं, लातूर एक्स्प्रेसच्या फलाटावर घड्याळ, सासरच्या भिंतीवर घड्याळ. इतकी घड्याळं खरी वेळ दाखवत असताना बारा दिवस तू मनगटाकडंच बघत राहिलीस. याला विसरणं म्हणत नाहीत.

मी बसून हिशेब केला. सासूबाई एक वाजता ताट वाढतात, तेव्हा तुझ्या घड्याळात साडेनऊ. वॉर्डाचा राऊंड चालू असेल. लेकराच्या दंडाला ती रंगीत पट्टी गुंडाळायची, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर आला की पट्टीचा लाल भाग, म्हणजे लेकरू अतिकुपोषित. आपल्या अंगणवाडीतही तीच पट्टी आहे, म्हणून मला ठाऊक. समोर पिठलं-भाकरी आणि तुझ्या डोक्यात कुणाचा तरी काडीसारखा दंड. रात्री साडेबाराला गाव गाढ झोपलेलं असतं तेव्हा तुझ्याकडं नऊ वाजलेले असतात, रात्रपाळीच्या हाती वॉर्ड सोपवून झालेला असतो आणि कुठल्या खाटेवर काय होईल याचा घोर लागलेला असतो. झोप यायची कशी? रेंकमध्ये नऊ वाजता कोण झोपतं?

तू लिहितेस, नवरा हरवला. माझ्या मते तो घरी आलाय. तू अजून पोचायची आहेस.

मी हे अधिकारानं बोलतेय, कारण हा गुन्हा मी केलेला आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, तेव्हा मी नुकती नोकरीला लागलेली होते. पत्र्याच्या शेडमधल्या छावणीत घोंगड्या वाटायला आणि लेकरांच्या याद्या करायला गेले ती तिथलीच झाले. दीड महिन्यानं दिवाळी आली, घरच्यांनी बळंच बोलावून घेतलं. भाऊबीजेला भावाला ओवाळलं, चकल्या वाढल्या. तो समोर बसून मला काहीतरी सांगत होता, बराच वेळ. मी 'हो, हो' करत होते आणि मनात मोजत होते, तिसऱ्या शेडला किती घोंगड्या कमी पडल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत गेले. भाऊ आता नाही. त्या दिवशी तो काय सांगत होता, ते मला अजून आठवलेलं नाही. घोंगड्यांचा आकडा मात्र आठवतो. सतरा.

आता त्या नव्या मुलीचं. 'तिला विचारावं लागतं' म्हणे. तिला विचारावं लागतं, कारण तू उत्तर देतेस. रात्री एक वाजता, दोन वाजता, पाच हजार किलोमीटरवरून सलाइनचा वेग सांगतेस. त्या बिचारीनं वॉर्ड हातात कधी घ्यायचा? तिच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी तुला ग्रुपातून काढलं असतं. तिकडच्या संस्थांनी विश्रांती सक्तीची केली ती कामचुकारांसाठी नव्हे, तुझ्यासारख्यांसाठी. ठिकाण जितकं वाईट तितका फेरा लवकर, कुठं चार आठवड्यांनी, कुठं बारा. माणूस स्वतःहून उठत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांनी तुला उठवून विमानात बसवलं. विमानातून उतरायचं काम तुझं होतं.

राहिला नवरा. रात्रभर रानात काय करतो ते कधी बघितलंस? मी न बघता सांगते. पंधरवड्यापूर्वी रेंकमध्ये तो माणशी लिटर मोजत होता. छावणीत दिवसाला माणशी कमीत कमी १५ लिटर, हा जगभर धरलेला हिशेब, आणि तेवढंही रोज भरतंच असं नाही. टाक्या, क्लोरिन, नळांपुढच्या रांगा. शिवाय हा लेक आपल्या जिल्ह्यातला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, तेव्हा तोही घागरी घेऊन रांगेत उभा असेल. अशा माणसाला विहिरीला पाणी असलेलं हिवाळ्याचं रान मिळालंय. बारा वाजता मोटार चालू करायची, बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून दुसऱ्या वाफ्याचं तोंड उघडायचं. पाणी वाफ्यात शिरताना फेस करतं, कोरडी ढेकळं फुसफुसत विरतात. मोजायचं काही नाही, रांग नाही, कुणी भांडत नाही. आणि सातनंतर दाराबाहेर पाऊल टाकायची बंदी असलेला माणूस मध्यरात्री चांदण्यात बांधावरून अनवाणी चालतो. गोव्यात त्याला याहून काय मिळणार होतं?

आणखी एक. गहू नोव्हेंबरात पेरला असेल तर पेरणीपासून १८ ते २१ दिवसांत मुकुटमुळं फुटतात आणि त्या वेळचं पाणी चुकवून चालत नाही. तेव्हा 'गव्हाला पाणी द्यायचंय' ही पळवाट असेलच असं नाही. खरंच द्यायचं असतं. हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

तो बोलत नाही हे खरं आहे. बुकिंग रद्द कर एवढं सांगून मोकळा झाला, हेही काही शोभलं नाही. तो सदर वाचतो म्हणतेस ना, हे वाचेलच. पण ज्या बायकोच्या एका डोळ्यापुढं वॉर्ड असतो तिच्याशी तो काय बोलणार? तो म्हणणार, 'गहू बरा दिसतोय', आणि तू स्क्रीनवरून मान न उचलता म्हणणार, 'हं'. हं आणि हूंची सुरुवात कुणी केली, ते तुझं तू आठव.

एकच काम सांगते, दुसरं नाही. हे वाचून झालं की घड्याळाचा काटा साडेतीन तास पुढं कर. मी हे फार शब्दशः सांगतेय. चावी ओढ, काटा फिरव, लातूरची वेळ लाव, चावी दाब. हात थरथरला तर थरथरू दे. त्या वेळेत तुझी माणसं राहतात आणि काटा हलवला की आपण त्यांना सोडून दिलं, असं वाटत असणार. मलाही वाटलं असतं. तरी फिरव. त्याआधी त्या मुलीला एक ओळ लिही की सोळा दिवस तू उपलब्ध नाहीस, आणि ग्रुपातून बाहेर पड. आवाज बंद करून ठेवू नकोस, बाहेरच पड.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, येतेच आहे. औशाकडची सून आहेस, अमावास्येला रानात काय असतं ते तुला सांगायला नको. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, गाडग्यात अंबिल, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. आदल्या रात्री सासूबाई भज्जीचा पसारा काढतील. तेव्हा मोबाइल घेऊन माडीवर जाऊन बसू नकोस, त्यांच्या शेजारी बस. उंडे वळताना मनगटापर्यंत पीठ लागतं, घड्याळ तसंही काढावं लागतं. काढलंस की त्यांच्या मिसरीच्या डबीशेजारी ठेव, त्या सांभाळतील. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन रानात जा आणि नवरा कोणता वाफा दाखवेल तो बघ. बघून लगेच काही बोलायची गरज नाही.

आणि त्याआधी नणंदेला फोन कर. माफीबिफी राहू दे, म्हण की परत जेवायला येते. एक वाजता. आमच्या एक वाजता.

– माई