वाचकांचे प्रश्न: गोठलेल्या मातीतला कार्बन जातो कुठे?

प्रश्न: सायबेरियातली कायम गोठलेली जमीन वितळून जुना कार्बन पाण्यात मिसळतो, असं वाचलं. मग कोलिमा नदीच्या मुखाशी तो फारसा का सापडत नाही?

उत्तर: कारण तो वाटेतच संपतो. कोलिमाकाठी दुवान्नी यार इथे हिमयुगातल्या, बर्फाने भरलेल्या मातीचा कडा आहे. या मातीला येदोमा म्हणतात. बर्फ वितळला की कडा ढासळतो, चिखलाचे ओहोळ वाहू लागतात. त्यांत विरघळलेला सेंद्रिय कार्बन लिटरमागे 100 मिलिग्रॅमहून जास्त, वय 20,000 वर्षांपलीकडचं. गोठल्यामुळे तो नीट कुजलाच नव्हता; त्यातले लहान रेणू जिवाणू झपाट्याने खातात. प्रयोगांत एक-दोन आठवड्यांत त्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग नाहीसा झाला!

म्हणून हा कार्बन मोजायचा तर पाण्याचा नमुना ओहोळाच्या उगमाशीच घ्यावा. 450 अंश सेल्सिअसला भाजलेल्या, 0.7 मायक्रॉनच्या काचतंतूंच्या गाळणीतून तो तिथल्या तिथे गाळावा, आम्ल घालून सामू 2 वर आणावा, अंधारात थंड ठेवावा. गाळणी भाजली नाही तर तिच्यावरचाच कार्बन मोजला जातो. पण खरी गफलत उशिरामुळे होते: न गाळलेल्या बाटलीत जिवाणू खातच राहतात आणि आकडा कमी येतो.