हँक विल्यम्स यांची भक्तिगीते : आधी की नंतर?

प्रश्न : दारू, विरह आणि मोडलेला संसार यांवर गाणारे अमेरिकी ‘कंट्री’ (ग्रामीण वळणाच्या लोकप्रिय संगीताचे) गायक हँक विल्यम्स यांचे ‘आय सॉ द लाइट’ हे ख्रिस्ती भक्तिगीतही प्रसिद्ध आहे. अशी गाणी त्यांनी नाव झाल्यावर पश्चात्तापापोटी लिहिली, असे एक मित्र सांगतो. हे खरे आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मित्राचे म्हणणे ऐकायला पटते, पण तारखा त्याच्या बाजूने नाहीत. विल्यम्स यांना उतारवयात उपरती झाली असे म्हणावे, तर उतारवय त्यांच्या वाट्याला आलेच नाही. १ जानेवारी १९५३ रोजी ते गेले तेव्हा अवघे २९ वर्षांचे होते. भक्तिगीते त्यांच्या उमेदवारीच्या काळातली आहेत आणि कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहराचे दार त्यांना उघडले तेही बरेचसे त्यांच्याच जोरावर.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात आई बाप्टिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे आणि लहानगा हँक तिच्या शेजारी बसून गात असे. ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराचा ठेका त्यांनी रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताकडून उचलला. पुढे अलाबामातल्याच मॉन्टगोमेरी शहराच्या रेडिओवर गाताना ते स्वतःच्या गीतांची पुस्तिका छापून विकत. तीत नुसते शब्द असत, स्वरलिपी नसे.

सप्टेंबर १९४६ मध्ये ते नॅशव्हिलला ‘अ‍ॅकफ-रोझ’ या संगीत प्रकाशन संस्थेत गेले. संस्थेचे फ्रेड रोझ हे स्वतः मुरलेले गीतकार होते आणि मॉली ओडे या गायिकेसाठी त्यांना धार्मिक वळणाची गाणी हवी होती; ती विल्यम्स यांच्याकडे तयार होती. त्याच वर्षी ११ डिसेंबरला ‘स्टर्लिंग’ कंपनीसाठी विल्यम्स यांच्या स्वतःच्या आवाजात पहिली चार गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि त्यांतली तीन भक्तिगीते होती. त्यांपैकी एकात ‘पुअर’ हा शब्द ते अस्सल अलाबामाच्या गावठी ढंगाने उच्चारीत, आणि साथीच्या मंडळींना तो काही केल्या जमेना. तेव्हा रोझ यांनी विल्यम्स यांचा उच्चार सुधारण्याऐवजी साथीदारांनाच तसे गायला लावले, असे सांगतात. रोझ यांच्या कानाची पारख यातच दिसते.

‘आय सॉ द लाइट’ची हकिगतही ऐकण्याजोगी आहे. कार्यक्रमाहून रात्री परतताना गाडी चालवणाऱ्या आईला मॉन्टगोमेरीच्या विमानतळाचे दिवे दिसले, ती तसे म्हणाली आणि मागे पेंगणाऱ्या मुलाला गाण्याचा मुखडा मिळाला, असे म्हणतात. चाल मात्र अल्बर्ट ब्रमली यांच्या ‘ही सेट मी फ्री’ या आधीच्या भक्तिगीताशी बरीच जुळते. एप्रिल १९४७ मध्ये हे गाणे ध्वनिमुद्रित झाले ते ‘मूव्ह इट ऑन ओव्हर’बरोबर, म्हणजे बायकोने घरात न घेतल्यामुळे कुत्र्याच्या खोपटात जागा मागणाऱ्या नवऱ्याच्या गाण्याबरोबर. नवऱ्याचे गाणे त्याच वर्षी बाजारात आले आणि गाजले. भक्तिगीताला १९४८ पर्यंत थांबावे लागले.

मित्राला पश्चात्तापाचा सूरच हवा असेल, तर त्याने १९५० पासूनच्या ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या नावाच्या तबकड्या ऐकाव्यात. ज्यूकबॉक्सवाल्यांना, म्हणजे नाणे टाकले की तबकडी वाजवणाऱ्या यंत्रांच्या मालकांना, विल्यम्स यांच्या नावाखाली नाचती गाणीच हवी असत, म्हणून बोधपर निवेदनांसाठी हे टोपणनाव घेतले गेले. आवाज कोणाचा, हे अर्थात कोणापासून लपले नाही.