मायलोमा आणि मूत्रपिंडे : डायलिसिस सुटेल का?

प्रश्न : माझे वडील 64 वर्षांचे आहेत. सहा महिने कंबर दुखत होती म्हणून ते औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून घेत राहिले. मग पायांवर सूज आली, उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) 7.8 निघाले. बोन मॅरोच्या तपासणीनंतर मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे, निदान झाले. सध्या आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आठवड्यातून एकदा बोर्टेझोमिब या मायलोमावरच्या औषधाचे इंजेक्शन आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू आहे. रक्तातल्या कप्पा फ्री लाइट चेनचे (मायलोमाच्या पेशी तयार करतात त्या प्रथिनांच्या तुकड्यांचे) प्रमाण सुरुवातीला लिटरमागे 8,400 मिलिग्रॅम होते, ते उपचारांच्या अठराव्या दिवशी 2,900 आले. क्रिएटिनिन मात्र 5 ते 6 च्या आसपासच घुटमळते आहे. डायलिसिस सुटेल की आता कायमचेच झाले, हे केव्हा कळेल? हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडणे) करून घ्या असे सुचवले आहे, तो आताच करावा का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या आकड्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा आकडा क्रिएटिनिनचा नाही, लाइट चेनचा आहे. डायलिसिसच्या प्रत्येक फेरीत रक्तातले क्रिएटिनिन यंत्राने धुऊन निघते आणि दोन दिवसांत पुन्हा साठते, त्यामुळे ते 5 आले काय किंवा 6 आले काय, त्यावरून मूत्रपिंडे स्वतः किती काम करत आहेत हे समजत नाही. याउलट लाइट चेन 8,400 वरून 2,900 वर आली, म्हणजे अठरा दिवसांत सुमारे 65 टक्के घट झाली, आणि ही बातमी चांगली आहे.

असे का, हे समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे जातील. मायलोमातील बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी प्रथिनांचे लहान तुकडे, म्हणजे लाइट चेन, प्रचंड प्रमाणात तयार करतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतून हे तुकडे सहज खाली उतरतात आणि पुढच्या नलिकांत यूरोमोड्युलिन या मूत्रपिंडाच्याच प्रथिनाला चिकटून त्यांचे घट्ट साचे बनतात. नलिका तुंबतात, भोवती सूज येते आणि ती सूज आठवडेच्या आठवडे टिकली तर त्या जागी व्रणासारखी ताठ ऊती तयार होते. साचे विरघळू शकतात, सूजही उतरते, पण एकदा झालेला व्रण परत फिरत नाही. शरीरातले पाणी कमी होणे, रक्तातले कॅल्शियम वाढणे आणि डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके या तिन्हींमुळे साचे बनण्याला हातभार लागतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत गोळ्यांनी आगीत तेल ओतले असण्याची दाट शक्यता आहे. परंतु कंबरदुखीमागे मायलोमा असेल हे घरात कोणाच्याही लक्षात येणे कठीण होते, तेव्हा त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

म्हणूनच मूत्रपिंडे सावरतील का, हा प्रश्न बव्हंशी लाइट चेन किती लवकर उतरतात यावर येऊन ठरतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूत्रपिंडात असे साचे असलेल्या 39 रुग्णांची पाहणी करून, एकविसाव्या दिवसापर्यंत लाइट चेन 60 टक्क्यांनी उतरण्याचा संबंध 80 टक्के रुग्णांची मूत्रपिंडे सावरण्याशी असल्याचे मांडले गेले. अभ्यास लहान होता, त्यामुळे हा आकडा तुमच्या वडिलांसाठी हमी म्हणून धरू नये, पण दिशा त्याने नीट दाखवली आहे. मूत्रपिंडाची बायॉप्सी (बारीक तुकडा काढून केलेली तपासणी) झाली असेल तर तिचा अहवाल पुन्हा काढून पाहा. साचे किती आहेत आणि व्रण किती टक्के भागात आहे, या दोन गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात, कारण व्रण थोडा असेल तर आशा अधिक असते.

किती काळ थांबायचे, याबद्दल फ्रान्समधील 2017 च्या एका चाचणीतले आकडे बोलके आहेत. डायलिसिसवर असलेल्या 98 रुग्णांना त्यात बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोन दिले होते. लाइट चेन धुऊन काढणाऱ्या खास, मोठ्या छिद्रांच्या फिल्टरने डायलिसिस केलेल्या गटात तीन महिन्यांनी 41 टक्के, तर साध्या फिल्टरच्या गटात 33 टक्के रुग्णांचे डायलिसिस सुटले होते. हा फरक निर्णायक ठरला नाही, आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीतही त्या महागड्या फिल्टरचा फायदा दिसला नाही, तेव्हा त्यासाठी कर्ज काढण्याचा विचार कोणी डोक्यात घालत असेल तर तो बाजूला ठेवावा. मला फ्रान्समधल्या चाचणीतली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. पहिल्या गटातला 41 चा आकडा वर्षअखेर 61 वर गेला. म्हणजे तीन महिन्यांत डायलिसिस सुटले नाही म्हणून सारे संपले असे मानायचे कारण नाही.

घरी तुम्ही एक करू शकता. दोन डायलिसिसच्या मधल्या काळातली सगळी लघवी मापाच्या डब्यात जमवा आणि दिवसाला किती मिलिलिटर झाली ते वहीत तारखेसह लिहा. ती वाढत गेली आणि डायलिसिसपूर्वीचे क्रिएटिनिन प्रत्येक वेळी थोडे खाली दिसू लागले, तर त्याच लघवीची तपासणी करून मूत्रपिंडांचे स्वतःचे काम मोजता येते. डायलिसिसच्या फेऱ्या कमी करण्याचा निर्णय त्या मोजमापावर घ्यायचा असतो, नुसत्या लघवीच्या प्रमाणावर नाही.

फिस्टुलाची घाई मी तुमच्या ठिकाणी केली नसती. लाइट चेन अशा वेगाने उतरत असताना त्वचेखालून शिरेत घातलेल्या कॅथेटरवर (डायलिसिसच्या नळीवर) दोन-तीन महिने वाट पाहणे मला योग्य वाटते. मात्र डेक्सामेथासोनमुळे प्रतिकारशक्ती मंदावलेली असते, त्यामुळे थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अंतिम निर्णय अर्थातच फाइल समोर असलेल्या तुमच्या किडनीतज्ज्ञांनी घ्यायचा आहे. आणि एक विनंती कळकळीने करतो : डायलिसिसचा दिवस आहे म्हणून बोर्टेझोमिबचे इंजेक्शन पुढे ढकलू देऊ नका. मूत्रपिंडांसाठी त्याचा डोस कमी करावा लागत नाही आणि डायलिसिस संपल्यावर त्याच दिवशी ते देता येते. तुम्हाला रक्तविकारतज्ज्ञांसाठी एकीकडे आणि डायलिसिससाठी दुसरीकडे जावे लागत असेल, तर दोन्हीकडच्या तारखा एकाच कागदावर लिहून दोन्ही डॉक्टरांना दाखवा. माझ्या पाहण्यात बहुतेक डोस चुकतात ते या दोन तारखांच्या गोंधळातच.

प्रश्न : आईला मायलोमा आहे, क्रिएटिनिन 0.9 आहे आणि लघवीच्या पट्टीवर प्रोटीन ‘निगेटिव्ह’ आले. मूत्रपिंडांची काळजी सोडावी का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : सोडू नये. लघवीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, लाइट चेन तिच्या नजरेतून निसटतात. त्यासाठी रक्तातील फ्री लाइट चेन आणि 24 तासांच्या लघवीची इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिने वेगवेगळी करून ओळखणारी चाचणी) या तपासण्या लागतात. हृदयाचा त्रास नसेल तर आईने दिवसाला सुमारे तीन लिटर पाणी प्यावे. डायलिसिसवरील रुग्णांनी हा सल्ला स्वतःला लावून घेऊ नये. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नये, सीटी स्कॅनपूर्वी मायलोमा असल्याचे तंत्रज्ञाला सांगावे आणि हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिड देत असतील तर प्रत्येक सलाइनपूर्वी क्रिएटिनिन तपासून घ्यावे.