उजेड वाढवण्याआधी

सोलापूर, मंगळवार

पोरी,

काल तू बनवलेला, वाटेचा बाण काचेतच दाखवणारा तो चष्मा घालून तू माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "काका, सात रस्ता चौकात दुपारी बाण दिसतच नाही, एलईडी बदलावा लागणार." मी गप्प बसलो, कारण तुझ्या काचेत हिरवं काहीतरी चमकताना मला दिसत होतं. तुझ्या डोळ्यासाठी निघालेला उजेड माझ्या तोंडावर येत होता, आणि तू आणखी उजेड मागत होतीस! रात्री तेच डोक्यात फिरत राहिलं.

तुझे कॉलेजातले गाईड म्हणतात, एलईडीचा करंट दुप्पट कर. बरं, करू. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात चुना दिलेली भिंत साधारण २५,००० निट्सची असते (निट म्हणजे समोरची गोष्ट किती उजळ दिसते त्याचं माप). तुझा बाण तू ५०० चा सांगितलास. दुप्पट केलास तरी हजार, म्हणजे भिंतीच्या चार टक्के. बाण दिसायचा नाहीच, वर कानशिलाजवळची एलईडीची डबी तापेल. शिवाय त्या चिमुकल्या एलईडींना करंट वाढवला की उजेड त्या प्रमाणात वाढत नाही, उष्णता मात्र वाढते. (बाहेर वापरताना पुढे थोडी गडद काच लावण्यात कमीपणा मानू नकोस. भिंतच मंद करायची.)

आधी गळती शोध. दिवा नंतर.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. नोकरीला लागून तिसरं वर्ष होतं, पुण्यात, एका कारखान्यात. आम्ही स्लाइड प्रोजेक्टर बनवायचो. एका लॉटला पडद्यावर उजेड कमी पडत होता. वरून निरोप आला, १५० वॅटचा हॅलोजन काढा, २५० चा बसवा. मी बसवला. कागदावर सही माझी. महिन्याभरात एका गिऱ्हाइकाची स्लाइड आतल्या आत करपली. मशीन परत आलं तेव्हा मी लेन्स काढून ट्यूबलाइटखाली धरली. उजेड परत फिरू न देणारं कोटिंग असलेल्या लेन्सवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जांभळट, अगदी फिकं दिसतं. हिच्यावर ते पांढरं फटक होतं. त्या लॉटच्या लेन्सना कोटिंगच नव्हतं. काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परत फेकतो. असे दहा पृष्ठभाग धर, एक तृतीयांश उजेड गेला. हे कळायला ट्यूबलाइट पुरली असती. ती माझ्या टेबलाच्या वरच होती.

आता तुझी काच. तुझी इनकपलर ग्रेटिंग, म्हणजे एलईडीचा उजेड वळवून काचेत घेणारी बारीक रेघांची पट्टी, ३ मिमी रुंद, काच अर्ध्या मिमीची. आत गेलेला किरण ५० अंशांनी चालला, तर खालच्या पृष्ठभागावर आपटून वर येईपर्यंत १.२ मिमी पुढे सरकतो. म्हणजे मागच्या कडेने शिरलेला किरण पुन्हा त्याच ग्रेटिंगवर दोनदा येतो. आणि ग्रेटिंग दोन्ही बाजूंनी उघडणारं दार आहे, पोरी! जे आत घेतं तेच बाहेरही काढतं. दर खेपेला ४० टक्के बाहेर काढलं, तर १०० पैकी ३६ उरले. तू तर ग्रेटिंगची क्षमता आणखी वाढवायला निघाली होतीस. त्या मागच्या किरणांची गळती त्याने वाढेल.

उपाय आहेत, फुकट एकही नाही. काच जाड कर, नाकावर वजन येईल. इनकपलर अरुंद कर, मग लेन्सही लहान होईल आणि एलईडीचा उजेड कमी पकडला जाईल. तसाही तो किती पकडतेस? एलईडी चहूकडे उजेड फेकतो. लेन्स मधल्या रेषेपासून १४ अंशांपर्यंतचाच घेत असेल, तर शंभरातले सहा. हे सहा तू मोजलेस का? नाही. मला राग आला तो याचाच.

काचेतून चाललेला उजेड डोळ्याकडे बाहेर काढणाऱ्या दुसऱ्या ग्रेटिंगचं तर विचारूच नकोस. माझ्या मामांची जमीन उजनीच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला होती. वरच्यांनी दारं उघडली की टेलला ओल तेवढी पोचायची. उजेडाचंही तेच. सगळीकडे ३० टक्क्यांची दारं ठेवलीस, तर पहिल्याला ३० आणि दहाव्याला जेमतेम एक. सगळीकडे १० टक्के ठेवलीस, तर दहाव्या दारानंतरही ३५ काचेतच उरतात आणि कडेने वाया जातात. खरा हिशोब असा: पहिल्या दाराने आलेल्यातला दहावा भाग घ्यावा, दुसऱ्याने नववा, असं करत शेवटच्याने उरलेलं सगळं. म्हणून ग्रेटिंगच्या रेघांची खोली सुरुवातीला कमी आणि पुढे वाढती असावी लागते. तुझी एकसारखी आहे.

सगळा तोटा म्हणजे गळती नव्हे, हेही लक्षात ठेव. चष्मा थोडा सरकला तरी चित्र दिसावं म्हणून उजेड डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठ्या जागेवर पसरवावाच लागतो. तो खर्च आहे. माझ्या तोंडावर आला ती गळती.

आणि काचेऐवजी वापरायचं म्हणतेस ते, व्हिडिओत पाहिलेलं सिलिकॉन कार्बाइड! मेटाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या भिंगांचा ओरायन चष्मा दाखवला, सुमारे ७० अंशांचं दृश्यक्षेत्र, छान. अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवायची ताकद, वाढला की आत मावणारे कोन वाढतात. तुझा बाण दहा अंशांतही मावतो. त्या व्हिडिओचा नाद सोड.

तुला कोणीतरी सांगेलच की काका अडमुठे आहेत. दुसऱ्या नोकरीत मी एक माल तीन आठवडे अडवून धरला होता, गळती सापडेपर्यंत सही करणार नाही म्हणून. सापडली ती चार टक्क्यांची. ऑर्डर हातची गेली, पाठोपाठ मीही सोलापूरला परत आलो. घरी त्यावरून बरंच ऐकलं. पण चार टक्के कुठे जातात ते कळलं होतं ना? मला अजूनही वाटतं, माझं चुकलं नाही. तीन आठवडे जरा जास्त झाले, एवढंच.

रविवारी ये. कॉलेजातलं उजेड मोजायचं पॉवर मीटर मागून आण, नाही दिलं तर माझं नाव सांग. काळा कागद आणि चिकटपट्टी माझ्याकडे आहे. एलईडीतून किती निघाला, लेन्समध्ये किती शिरला, इनकपलरमधून सरळ आरपार किती गेला, मागे किती फिरला, काचेच्या कडेने किती, माझ्या बाजूला किती, तुझ्या बाजूला किती, सगळं वहीत मांडू. बेरीज जुळेपर्यंत एलईडीच्या कॅटलॉगला हात लावायचा नाही.

साडेदहानंतर ये. त्याआधी आमच्याकडे पाण्याची पाळी आहे.

काका