मेव्हण्याला सांगा, पहिला प्रेस सिंगल स्टेजच घे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मेव्हणा डॅलसला, रेंजवर 9 एमएम पिस्तूल चालवतो आणि थंडीत हरणाच्या शिकारीला .308 रायफल, आता काडतुसं घरीच भरायची म्हणायलाय, तर त्याचं हातानं चालवायचं मशीन, म्हणजे प्रेस, पाच स्टेशनचा प्रोग्रेसिव्ह घेऊ का साधा सिंगल स्टेज, आणि पुढच्या दिवाळीला तोच प्रेस अंबाजोगाईला आणला तर आजोबांच्या बारा बोअरला कामाला येईल का.

दुसरं आधी सांगतो, ते लवकर संपतंय. आणायचा नाही. आपल्याकडं 1959 चा शस्त्र कायदा आहे, त्याच्या कलम 5 प्रमाणे लायसन्सशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि बंदुकीचं लायसन्स म्हणजे काडतूस बनवायचं लायसन्स नव्हं. लोकांना माहीत नसतंय ते हे की त्याच कायद्यात 'दारूगोळा' शब्दाच्या व्याख्येतच तो बनवायची मशिनरी पण धरलेली आहे, म्हणजे नुसता प्रेस खोलीत ठेवला तरी लफडं. शिवाय बारा बोअरच्या छऱ्याच्या काडतुसाचा प्रेसच निराळा असतो, पितळी पुंगळीचा (पुंगळी म्हणजे काडतुसाचं नळकांडं) त्याला चालत नाही. आजोबांसाठी दुकानातूनच आणा.

अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला लागतंय. तो ग्रीन कार्डवाला आहे म्हणालात म्हणून ठीक, एच-वन-बी वर असता तर आधी मी हेच विचारलं असतं, कामून की नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला तिथं बंदूकच काय काडतूस बाळगायलाही फेडरल कायद्यानं मनाई आहे, शिकारीचं चालू लायसन्स असणं असे थोडे अपवाद सोडले तर. त्याच्या ओळखीची आपली पोरं असतील तर त्यांना हे सांगून ठेवायला सांगा.

आता प्रेस. मी वाळूजला टूलरूमला होतो, नंतर नऊ वर्षं ओहायोत, तिथं शेजारच्या म्हाताऱ्यानं हा नाद लावला. काम म्हणाल तर सोपंय: उडालेली पुंगळी परत मापात दाबायची, बुडातला जुना प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, काढून नवा बसवायचा, पावडर मोजून टाकायची, वर गोळी बसवायची. हँडल ओढलं की खालून रॅम, म्हणजे जाड दांडा, वर येतो, त्यावर शेलहोल्डरमधी, म्हणजे बूड धरणाऱ्या खोबणीत, पुंगळी, वर डाय, म्हणजे काम करणारा साचा. सिंगल स्टेजला एका वेळी एकच डाय. टरेटला वर फिरतं डोकं, चार किंवा सात डाय एकदम लावून ठेवायच्या, आपल्या टरेट लेथसारखंच. प्रोग्रेसिव्हला खालची प्लेट फिरते, सगळ्या स्टेशनवर एकदम काम चालतं आणि हँडलच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर. तासाला सिंगल स्टेजवर पन्नासच्या आसपास, प्रोग्रेसिव्हवर चारशे-पाचशे. हा आकडा ऐकूनच माणूस पाघळतो, तुमचा मेव्हणा पण तिथंच पाघळलाय.

पण बघा, लै स्पीड लागते ती पिस्तुलाला, आणि चूक लपते ती पण पिस्तुलाच्याच पुंगळीत. पावडर ग्रेनमधी मोजतात, एक ग्रेन म्हणजे सराफाची साधारण अर्धी गुंज. 9 एमएममधी पावडर जाते जेमतेम दोन-तीन गुंजा. ती चुकून दोनदा पडली तरी बऱ्याच पावडरी पुंगळीत मावतात, वरून गोळी बसली की काही कळत नाही, कळतंय ते पिस्तूल हातात फुटल्यावर. .308 मधी दोनदा टाकली तर सहसा वरून सांडतेच, आंधळ्याला पण दिसेल. आणि पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यात अडकते, मागून दुसरी मारली की नळी गेली.

प्रोग्रेसिव्हवर असं कधी होतंय, तर प्रायमर अडकला, हँडल अर्ध्यातून मागं घेतलं, परत ओढलं, मधीच फोन वाजला. डिलन कंपनीच्या 550 मॉडेलला प्लेट हातानं फिरवायची असते, ती विसरली की त्याच पुंगळीत परत पावडर. 750 ला प्लेट आपोआप फिरते, तिथं अर्ध्या ओढीचा घोळ. मशीन चांगलीच आहेत हो, दोन्ही, पण कोणत्या स्टेशनवर काय चाललंय हे आवाजावरून कळायला आधी हजारभर काडतुसं एकेक करून भरलेली पाहिजेत.

सिंगल स्टेजवर पन्नास पुंगळ्या लाकडी ब्लॉकमधी ओळीनं उभ्या करायच्या, सगळ्यात पावडर टाकून झाली की वरून टॉर्च मारायचा. पन्नास विहिरीत वाकून बघितल्यासारखं वाटतंय, एकीतलं पाणी वर-खाली असलं की डोळा आपोआप तिथंच अडकतो. मला अशा दोन कोरड्या सापडल्यात. म्हाताऱ्याची बायको हसायची, म्हणायची देवपूजा चाललीय.

मॉडेल म्हणाल तर ओतीव लोखंडाचा, ओ-फ्रेमचा घ्या. सी-फ्रेम एका बाजूनं उघडा असतो, जोर पडला की किंचित फाकतो. आरसीबीएसचा रॉक चकर, रेडिंगचा बिग बॉस, लीचा क्लासिक कास्ट, यातला कोणताही आयुष्यभर पुरतोय. लीचा स्वस्त पडतो आणि त्याचे जुने प्रायमर रॅममधून नळीनं खाली डब्यात जातात, ही सोय मला लै आवडते, त्या काळ्या राखेत शिसं असतंय आणि ती टेबलभर उडत नाही. काही पण झालं तरी हात साबणानं धुवायचे आणि त्या टेबलावर चहा ठेवायचा नाही. डायचं टेन्शन घेऊ नका, सात-अष्टमांश इंच, इंचाला चौदा आटे, हे माप जवळपास सगळीकडं चालतंय. डिलनच्या स्क्वेअर डीलसारखे थोडे आहेत ज्यांना फक्त त्यांच्याच डाय लागतात, ते टाळा.

पिस्तुलासाठी कार्बाइड डाय घ्यायला सांगा, तेल लागत नाही. .308 ला मात्र ल्यूब, म्हणजे वंगण, लावावंच लागतं. मी पहिल्याच महिन्यात कंजूषपणा केला, पुंगळी डायमधी गच्च बसली, जोर लावला तर शेलहोल्डरनं तिची कडाच फाडून काढली आणि पुंगळी तशीच वर. शेवटी बुडातून ड्रिल मारलं, टॅपनं आटे पाडले, बोल्ट लावून ओढून काढली. टूलरूमचा माणूस म्हणून निभावलं. प्रेसला काही झालं नाही, पण टेबलाचा मागचा पाय चार बोटं उचलला होता. म्हणून पहिले पैसे टेबलाला, जाड फळी, भिंतीला बोल्ट. नंतर चेक-वेट, म्हणजे तपासायची वजनं, असलेला तराजू आणि कोणत्या पावडरीला किती हे दिलेलं छापील मॅन्युअल, यूट्यूबवरचा आकडा नको. प्रेस सगळ्यात शेवटी.

वर्षभरानं पिस्तुलाचं काम वाढलं तर लीचा चार डायचा टरेट घेऊ द्या, तासाला शे-दीडशे सहज पडतात आणि तरी एका वेळी हातात एकच पुंगळी राहते. सिंगल स्टेज विकायचा नाही, .308 त्यावरच.

आणि जुना मिळाला तर खुशाल घ्या. रॅम वर करून हातानं डावी-उजवी हलवून बघायचा, खडखड वाजला तर सोडून द्यायचा, घट्ट असेल तर वरचा गंज बघून नाक मुरडायचं नाही, रॉकेलच्या चिंधीनं निघतो. माझा तसाच होता.