फ्लॅटमध्ये टँकमधून पळालेला न्यूट कसा शोधायचा?

तुमचा न्यूट (पालीसारखा दिसणारा, पण बेडकासारखा ओल्या कातडीचा उभयचर प्राणी) रात्रीपासून दिसत नाही म्हणताय, तर आधी बाथरूमच्या आणि मोरीच्या जाळीवर काहीतरी झाका. तो ओलाव्याकडे जातो, नाल्यात गेला तर संपलं. घरात कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा, नाहीतर पाल समजून केरसुणीने बाहेर जाईल!

शोध टँकपासून सुरू करा, जमिनीलगत. न्यूट सहसा मोकळ्यातून जात नाही, भिंतीच्या कडेने सरकतो. फ्रीजखाली, वॉशिंग मशीनमागे, कमोडच्या बुडाशी, कुंड्यांच्या ताटल्यांखाली, पायपुसण्याच्या घडीत बघा. सापडला नाही तर रात्री पंखे बंद करून कडेकडेने ओली फडकी चुरगाळून ठेवा आणि तासाभराने टॉर्च घेऊन फिरा. पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत त्याची कातडी भराभर सुकते, म्हणून ‘उद्या बघू’ नको.

सापडला आणि वाळून काटकी झालेला दिसला तरी लगेच मेला समजू नका. हात ओले करून उचला, क्लोरीन काढलेल्या गार पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर उथळ डब्यात ठेवा. थेट खोल पाण्यात टाकू नका, अशक्त असेल तर बुडतो. अंगाला चिकटलेले केस, धूळ ओढून काढू नका, भिजून सुटतात. कातडीत विष असतं, त्यामुळे नंतर साबणाने हात धुवा आणि मांजर लांब ठेवा.

टँकला घट्ट जाळीचं झाकण हवंच. ओल्या काचेवर तो सहज चढतो, फिल्टरच्या वायरसाठी ठेवलेली फटसुद्धा त्याला पुरते.